'टर्निंग पॉइंट' कोणत्या कोशात सापडतो?

आधी निकाल सांगून टाकू. निर्णायक बदलाच्या क्षणासाठी नेमका मराठी शब्द हवा असेल, तर पहिल्यांदा दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' उघडावा. त्याने भागलं नाही तर त्याच जोडीचा 'महाराष्ट्र शब्दकोश'. शब्दाचा अर्थ गेल्या दीडशे वर्षांत सरकला असावा अशी शंका आली, तर मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश. शासनाचे परिभाषा कोश सरकारी कागद लिहिताना, एरवी नाही. दप्तरातली इंग्रजी-मराठी डिक्शनरी आणि मोबाइलमधला यंत्रानुवाद या कामाला जवळपास निरुपयोगी.

कोशांच्या परीक्षेला हाच शब्दगट का? खुर्ची, पाऊस, कर्ज हे शब्द कुठलाही कोश बिनचूक देतो, त्यावरून कोशाची कुवत कळत नाही. पण टर्निंग पॉइंट, वॉटरशेड, टिपिंग पॉइंट, पॉइंट ऑफ नो रिटर्न, क्रायसिस, माइलस्टोन हे शब्द दिले की कोश उघडे पडतात. पुण्यात हे शब्द रोज लागतात. उपसंपादकाला मथळ्यात, हिंजवडीतल्या माणसाला सादरीकरणात, सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला इतिहासाच्या उत्तरात. आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यांची एकच रवानगी होते: 'महत्त्वाचा टप्पा'. टप्पा म्हणजे वाटेतला मुक्काम. तिथे काही वळलंच पाहिजे, तुटलंच पाहिजे किंवा उलटलंच पाहिजे असं मुळीच नाही.

या जातीच्या शब्दाबद्दल कोशाने तीन गोष्टी सांगायला हव्यात. शब्दाबरोबर क्रियापद कोणतं येतं? बदल अचानक झाला की साचत साचत आला? आणि तिथून माघारी फिरता येतं का? यातलं पहिलं कळलं की उरलेल्या दोन्हींचा अंदाज लागतो, म्हणूनच वाक्संप्रदायांचा कोश पहिल्या नंबरवर.

'कलाटणी' घ्या. टर्निंग पॉइंटच्या सर्वांत जवळ जाणारा रोजचा शब्द हाच. कलाटणी मिळते, कलाटणी देता येते. 'कलाटणी झाली' असं मराठी माणूस म्हणत नाही. ती कशाला तरी मिळावी लागते: आयुष्याला, खटल्याला, तपासाला, सामन्याला, कथानकाला. आणि ते 'कशाला तरी' आधीपासून चालू असावं लागतं. 'नव्याने उघडलेल्या दुकानाला कलाटणी मिळाली' हे वाक्य कानाला खटकतं ते याचमुळे; जे अजून कुठल्या दिशेला निघालेलंच नाही त्याची दिशा बदलणार कशी? कलाटणी चांगली की वाईट हेही शब्दात नसतं. मथळ्यात नुसतं 'प्रकरणाला कलाटणी' लिहून उपसंपादक मोकळे होतात, कारण त्यात कुणाच्या बाजूने हे सांगावं लागत नाही. ही सोय आहे आणि पळवाटही.

पारड्याचं तसं नाही. 'पारडं फिरलं', 'पारडं जड झालं' म्हटलं की दोन पक्ष समोर हवेतच. निवडणूक, सामना, वाटाघाटी, युद्ध इथे चालतं. 'हवामानबदलाचं पारडं फिरलं' म्हटलं तर दुसऱ्या पारड्यात कोण, हा प्रश्न लगेच येतो. 'बाजी पलटली' यात आणखी एक अट आहे: हरणारा जिंकायला लागला पाहिजे. 'फासे उलटले' हे बहुधा ज्याने ते टाकले त्याच्यावरच उलटतात, म्हणजे त्यात थोडा 'बरं झालं' असा सूर असतो. 'खांदेपालट' माणसांची, 'सत्तापालट' राज्याचा, 'कायापालट' वस्तूचा किंवा गावाचा, आणि तो नेहमी चांगल्याकडेच. बकाल झालेल्या पेठेचा कायापालट झाला असं उपरोधानेच म्हणता येईल. खांदेपालट मुळात पालखी किंवा ओझं वाहणाऱ्यांचा: एकाचा खांदा दुखला की दुसऱ्याचा. मंत्रिमंडळाच्या बातमीत शब्द फिट्ट बसतो, कारण ओझं तेच राहतं.

इथे एक त्रिकूट हमखास गोंधळ घालतं: निर्णायक, निकराचा आणि निर्वाणीचा. निर्णायक म्हणजे ज्याने निकाल लागतो. निकराचा म्हणजे सगळं बळ पणाला लावून केलेला. निकराची लढाई हरताही येते आणि तिने काहीही ठरलं नाही असंही होऊ शकतं. निर्वाणीचा म्हणजे शेवटचा, यापुढे दुसरा उपाय नाही असा. म्हणून अल्टिमेटमला 'निर्वाणीचा इशारा'. 'निर्वाणीचा गोल मारून सामना जिंकला' असं वाक्य वाचायला मिळालं, तर लिहिणाऱ्याने यंत्रानुवाद वापरला किंवा कोश बंद ठेवला. तिन्ही शब्द कुठल्याही मोठ्या कोशात सापडतात. पण त्यांना एकमेकांशेजारी ठेवून फरक सांगणारं पान कुठल्याच कोशात नाही. ती तुलना वाचणाऱ्यालाच करावी लागते, तिन्ही पानांत बोटं घालून.

आता वॉटरशेड. सर्वांत जास्त चुका होतात त्या इथे.

यंत्रानुवादातून आलेल्या मजकुरात 'वॉटरशेड मोमेंट'चं 'पाणलोटाचा क्षण' झालेलं दिसतं. चूक यंत्राची एकट्याची नाही, इंग्रजीतच घोळ आहे. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ पाणी विभागणारी रेषा. ब्रिटिश वापरात तोच टिकला. अमेरिकेत मात्र वॉटरशेड म्हणजे ज्या उतारावरचं सगळं पाणी एका नदीला मिळतं तो अख्खा प्रदेश. आपल्याकडे शासनाच्या योजनांमधून दुसरा अर्थ आला आणि 'पाणलोट क्षेत्र' रूढ झालं. पण 'वॉटरशेड इव्हेंट' म्हणणाऱ्याच्या मनात पहिला अर्थ असतो. त्या रेषेला भूगोलाच्या पुस्तकात 'जलविभाजक' म्हणतात.

पुणेकराला जलविभाजक समजावून सांगावा लागू नये. पुण्याहून निघून लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर उभं राहावं. माथ्याच्या पूर्वेला पडलेला पाऊस इंद्रायणीत जातो, तुळापूरला भीमेला मिळतो, भीमा कृष्णेला, आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात. पश्चिमेच्या कड्यावरून खाली गेलेलं पाणी उल्हास नदीतून अरबी समुद्रात. हातभर अंतरावर पडलेल्या दोन थेंबांमध्ये शेवटी अख्खं दख्खन येतं. वॉटरशेड म्हणतात तो हा प्रकार: त्या जागी फार काही घडल्यासारखं दिसत नाही, पण अलीकडचं आणि पलीकडचं पुन्हा एकत्र येत नाही. (मुळशीचं पाणी याला अपवाद आहे. ते मुळेतून पूर्वेला जायचं. टाटांच्या वीज प्रकल्पाने ते बोगद्यातून पश्चिमेला भिऱ्याकडे उतरवलं. जलविभाजकही माणसाला हलवता येतो, हे इतिहास लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.)

मग लेखात लिहायचं काय? 'जलविभाजक घटना' अचूक आहे, पण वाचक अडखळतो. 'युगप्रवर्तक' हा शब्द सत्कार समारंभांनी झिजवून टाकला आहे. मराठीची इथली खरी सोय शब्दात नसून रचनेत आहे: घटनेचं नाव घ्यायचं आणि पुढे 'आधी', 'नंतर', 'पूर्व', 'उत्तर' लावायचं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याचंही गेलं, आणि मुठेच्या काठचं पुणं पाण्याखाली आलं. त्यानंतर पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या, पेठांतले कितीतरी वाडे गेले, शहर टेकड्यांकडे सरकलं. जुन्या पुणेकराच्या तोंडी 'पानशेतच्या आधीचा वाडा', 'पानशेतनंतर आम्ही इकडे आलो' हे सहज येतं. 'पानशेत' एवढं एक नाव उच्चारलं की रेषा आखली जाते. 'निर्णायक', 'ऐतिहासिक' असं विशेषण लावावं लागत नाही. 'प्लेगच्या साली' ऐकलं की १८९७ चं पुणं समोर येतं, 'बहात्तरच्या दुष्काळात' म्हटलं की महाराष्ट्रातलं कुठलंही खेडं. 'फाळणीपूर्व', 'स्वातंत्र्योत्तर' ही त्याचीच संस्कृत वेषातली रूपं.

ही रचना कोणत्याही कोशात सापडणार नाही, कारण ती नोंद होण्याजोगा शब्दच नाही. अनुवादकाने ती पाठ करून ठेवावी. अट एकच: वाचकाला घटना ठाऊक हवी. नागपूरच्या वाचकासाठी 'पानशेतनंतर' लिहाल तर सोबत साल द्यावं लागेल आणि एका ओळीत काय झालं तेही. तेवढी जागा नसेल, तर 'या वर्षानंतर … पूर्वीसारखं राहिलं नाही' असं सरळ लिहावं.

टिपिंग पॉइंटला कोश सहसा हात टेकतात. छापील मराठी कोशांनी त्याची दखल घेतलेली नाही यात त्यांचा दोष नाही. हा प्रयोग अमेरिकेत १९५० च्या दशकात वस्त्यांमधल्या लोकसंख्येच्या अभ्यासातून पुढे आला आणि रोजच्या बोलण्यात त्याहून बराच उशिरा. पण त्याच्या आतली कल्पना, साचत साचत येणं आणि एकदम उलटणं, मराठीला अनोळखी नाही. 'घटका भरणे' बघा. घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक छिद्र असलेलं तांब्याचं वाटीसारखं भांडं. ते पाणी भरलेल्या घंगाळात सोडायचं. छिद्रातून पाणी थेंबाथेंबाने आत चढतं, भांडं तरंगत राहतं, लांबून बघणाऱ्याला काही बदलल्याचं कळतही नाही. २४ मिनिटांनी ते एकदम बुडतं. ती एक घटका. अहोरात्रीत अशा ६०. छिद्र थोडं मोठं झालं की घटका लवकर भरते, म्हणून भांडं पारखून घ्यावं लागे. मुहूर्त साधायला लग्नघरांत हे भांडं वापरलं जायचं.

टिपिंग पॉइंटचं याहून नेमकं चित्र इंग्रजीतही नसेल. तरी वापरताना सांभाळा, कारण वाक्प्रचार म्हणून 'घटका भरली' ही वाईटाची सूचना आहे. जुलमी राजवटीची घटका भरते, माणसाची भरते. 'विजेवरच्या वाहनांची घटका भरली' असं लिहिलं तर वाचक समजेल की ती आता बंद पडणार. 'शंभरी भरली' त्याहून कडक. शिशुपालाचे शंभर अपराध मोजून झाले आणि मग सुदर्शन सुटलं, म्हणून हा शब्द अपराध्यालाच लागतो. आजोबांच्या शंभराव्या वाढदिवसाला 'शंभरी गाठली' म्हणायचं, 'भरली' नाही. 'कडेलोट' हा मुळात शिक्षेचा प्रकार, रायगडावरचं टकमक टोक दाखवताना वाटाडे त्याचंच वर्णन करतात. आता तो संयमाचा, अन्यायाचा, निर्लज्जपणाचा होतो. यशाचा कडेलोट होत नाही.

चांगल्या गोष्टीने उंबरठा ओलांडला तर? तिथे मराठी क्रियापदाकडे वळते: जम बसला, जोर धरला, मूळ धरलं, लोण पसरलं (हे शेवटचं वाईटाकडे झुकतं). हवामानशास्त्रातल्या टिपिंग पॉइंटसाठी मात्र यातलं काहीच पुरत नाही. तिथे पहिल्यांदा येईल तेव्हा पूर्ण समजावून सांगावं: 'ज्या मर्यादेपलीकडे बदल आपल्या आपण वाढत जातो आणि मूळ कारण काढून घेतलं तरी थांबत नाही'. त्यानंतर बिनदिक्कत 'टिपिंग पॉइंट' लिहावं. नवा शब्द घडवून पुढच्या ओळीत त्याचा अर्थ देत बसण्यापेक्षा हे बरं.

पॉइंट ऑफ नो रिटर्नला आपल्याकडे सिंहगड आहे. १६७० मध्ये तानाजी पडल्यावर पळू लागलेल्या मावळ्यांना सूर्याजीने 'परतीचे दोर कापले आहेत' असं सांगितलं, ही आख्यायिका प्रत्येकाने ऐकलेली असते. 'परतीचे दोर कापणे' यात माघारीचा रस्ता माणूस स्वतः जाणूनबुजून बंद करतो. राजीनामा देऊन धंदा सुरू करणाऱ्याला ते शोभतं. धरणातला गाळ एका पातळीच्या वर गेला याला शोभत नाही, तिथे कुणी काही कापलेलं नाही. रुबिकॉन ओलांडणे (सीझरने कायदा मोडून ही नदी सैन्यासह ओलांडली, इ.स.पू. ४९) यासाठी 'सीमोल्लंघन' सुचवलं जातं, आणि ते अर्धंच बरोबर आहे. पावसाळा संपला की दसऱ्याला सीमा ओलांडून मोहिमेवर निघायचं, हा सीमोल्लंघनाचा भाव. त्यात उत्साह आहे, दरवर्षीचा शिरस्ता आहे, परत येण्याची खात्री आहे. रुबिकॉनमध्ये कायदा मोडणं आहे आणि परतीचा रस्ता नाही.

क्रायसिस हा प्रकार सांभाळून हाताळावा, कारण इथे जुने कोश आणि आजचा वापर यांच्यात एक तारीख आडवी येते. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ निवाडा. वैद्य तो आजाराच्या त्या घडीला वापरत जिथे रोगी एक तर सुधारतो, नाही तर जातो. मराठीत त्या घडीचं सुधारणारं अंग 'उतार पडला' यात आहे. 'तापाला उतार पडला' हे आजीच्या तोंडचं वाक्य वैद्यकीयदृष्ट्या चोख आहे. एकूण प्रसंगासाठी जुना शब्द 'आणीबाणी': ऐन निकडीची वेळ, इकडे किंवा तिकडे व्हायची घडी. पण २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ हा काळ या शब्दाने कायमचा बळकावला. आज नुसतं 'आणीबाणी' लिहिलं की वाचक तुरुंग आणि सेन्सॉरशिप आठवतो. 'आणीबाणीचा प्रसंग', 'आणीबाणीच्या वेळी' असं शेपूट लावलं तर जुना अर्थ अजून निभावतो. दवाखान्याचं दार, अग्निशमन, रुग्णवाहिका इथे 'आपत्कालीन' रुळलं आहे. राजकारणात 'पेचप्रसंग', अर्थव्यवस्थेवर लिहिताना 'अरिष्ट'. १९७५ पूर्वीचं पुस्तक वाचताना किंवा संपादित करताना हा शब्द आला तर मोल्सवर्थ उघडा, आजचा अर्थ तिथे घुसवू नका.

'संक्रमण'ही असंच घसरलं आहे. मराठीत ते एका अवस्थेतून दुसरीत जाणं: संक्रमणकाळ, सूर्याचं राशिसंक्रमण. हिंदीत तोच शब्द रोगाच्या लागणीला वापरतात, आणि करोनाच्या काळात हिंदीतून आलेल्या सूचनांबरोबर तो मराठी फलकांवरही चढला. आपल्याकडे त्याला 'संसर्ग' आहे. 'समाजाचा संक्रमणकाळ' लिहिणाऱ्याने आता क्षणभर विचार करावा की वाचकाला मास्क आठवणार आहे का.

आणि 'संक्रांत ओढवली', 'संक्रांत कोसळली'. हा वाक्प्रचार पानिपतावरून आला असं ठोकून सांगणारे भेटतात, कारण पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. पण इंग्रजी तारखेप्रमाणे मकरसंक्रांत दर साधारण ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. आज ती १४-१५ जानेवारीला येते, म्हणजे १७६१ मध्ये ती लढाईच्या काही दिवस आधीच होऊन गेली होती. 'पानिपत होणे' याबद्दलही एक सूचना: त्याचा अर्थ पुरता धुव्वा उडणे. कलाटणी नव्हे. 'तो सामना भारतासाठी पानिपत ठरला' म्हणजे हरले, वळले नाहीत.

माइलस्टोनवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. 'मैलाचा दगड' भाषांतरातून आला, रुळला, राहू दे. फक्त दगड अंतर मोजतो, रस्ता वळवत नाही एवढं लक्षात असू द्या. 'नांदी' मात्र चुकीच्या जागी फार दिसते. संगीत नाटकात नांदी झाल्यावर नाटक सुरू होतं. म्हणून 'बदलाची नांदी' म्हणजे बदल अजून यायचा आहे. झालेल्या बदलाला 'नांदी ठरली' म्हणायचं तर पुढे आणखी मोठं काही घडलेलं असावं लागतं.

हिंजवडीतून आणि बाणेरमधून येणाऱ्या मजकुरात अलीकडे 'इन्फ्लेक्शन पॉइंट' फार. गणितात हा वळण्याचा बिंदू नाहीच. आलेखाचा बाक जिथे बदलतो तो हा बिंदू: वाढ चालूच असते, फक्त वाढीचा वेग वाढता होता तो उतरता होतो, किंवा उलट. वक्र जिथे चढायचा थांबून उतरू लागतो तो शिखरबिंदू वेगळा, तिथे उतार शून्य असतो. तेव्हा कंपनीची विक्री घटत होती ती वाढू लागली, तर त्याला इन्फ्लेक्शन पॉइंट म्हणणं इंग्रजीतही चूक आहे. मराठीत 'घसरण थांबली आणि विक्री चढू लागली' असं लिहा, ग्राहकाला आणि संचालकांना दोघांनाही कळेल. विज्ञानाच्या परिभाषेतला 'क्रांतिक' (इंग्रजीत क्रिटिकल) हाही असाच एक सापळा. क्रांतिक तापमान म्हणजे ज्याच्या वर कितीही दाब दिला तरी वायूचा द्रव होत नाही ते तापमान (पाण्याचं सुमारे ३७४ अंश सेल्सिअस). क्रांतीशी त्याचा संबंध नाही. मोल्सवर्थमधली 'क्रांति' तर आकाशातली आहे, सूर्यमार्गाची. राज्य उलथवणारी क्रांती नंतरची. इंग्रजी 'रेव्होल्यूशन'ही ग्रहांच्या फेऱ्यांतूनच रस्त्यावर उतरलं.

आता कोश हातात घेताना काय अडतं ते.

पहिली अडचण शुद्धलेखनाची. आजचे नियम १९६२ चे. त्याआधीच्या कोशांत तत्सम शब्दांचा शेवट ऱ्हस्व: 'क्रांति', 'संधि', 'स्थिति'. क्रियापदांवर अनुस्वार: 'पालटणें', 'उलटणें'. 'कांठ', 'नांव' असे अनुस्वारही भरपूर. संगणकावर नेमका शब्द टाकून शोधताना 'क्रांती' लिहाल तर हाती काही लागणार नाही आणि वाटेल की कोशात शब्दच नाही. आधी ऱ्हस्व करून बघा, मग अनुस्वार देऊन, मग शब्दाचा पहिला अर्धा भागच टाकून. शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया' या संकेतस्थळावर मोल्सवर्थ, वझे, दाते-कर्वे आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश असे सगळे फुकट आहेत. त्यात अर्थांच्या मजकुरातही शोधता येतं. मोल्सवर्थचे अर्थ इंग्रजीत असल्यामुळे 'क्रायसिस' हा इंग्रजी शब्द अर्थांच्या मजकुरात शोधला की उलट्या बाजूने मराठी शब्द हाती येतात. इंग्रजी-मराठी डिक्शनरीपेक्षा या मार्गाने मिळणारे शब्द जास्त रसरशीत असतात, फक्त त्यातले कोणते आज जिवंत आहेत हे तुम्हाला ठरवावं लागेल.

मोल्सवर्थची १८५७ ची दुसरी आवृत्ती बघावी, १८३१ ची नव्हे. तिचं पुनर्मुद्रण पुण्यातच शुभदा-सारस्वतने १९७५ मध्ये काढलं. शब्दापुढचं रोमन अक्षर मूळ भाषा दाखवतं, संस्कृत, फारसी, अरबी, हिंदी वगैरे. 'ऐन' अरबीतून आला की संस्कृतातून, अशा वादाला तिथे पटकन तोंड देता येतं.

दाते-कर्वे शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ मध्ये निघाले, पुरवणी १९५० मध्ये. नामाखाली '(वाप्र.)' अशी खूण दिसली की तिथून वाक्प्रचार सुरू होतात. 'पारडे' शोधताना सुरुवातीचे अर्थ सोडून थेट या खुणेकडे जावं. उदाहरणं ज्ञानेश्वरीपासून बखरींपर्यंत आहेत, त्यामुळे शब्द किती जुना हे कळतं. पण आजच्या वर्तमानपत्रात तो कसा येतो हे १९३८ चा कोश सांगू शकत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षा करणं अन्याय आहे. वाक्संप्रदाय कोश १९४० च्या दशकात दोन भागांत निघाला. त्यात शब्द नव्हे तर अख्खा प्रयोग क्रियापदासकट येतो, हीच त्याची ताकद. ज्याला रोज लिहायचं आहे त्याने एकच कोश विकत घ्यायचा तर हा घ्यावा, बाकीचे पडद्यावर भागतात.

शासनाच्या भाषा संचालनालयाचे कोश वेगळ्या हेतूने बनले आहेत: एका इंग्रजी संज्ञेला एकच मराठी संज्ञा, म्हणजे मंत्रालयातून निघालेला कागद तालुक्यात त्याच अर्थाने वाचला जावा. हे काम ते नीट करतात. पण 'कलाटणी' की 'पारडं' हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवायचाच नाही.

अप्पा बळवंत चौकात नवी पुनर्मुद्रणं विचारावीत. दुकानात संच नसेल तर मागवून देतात. दाते-कर्वे शब्दकोशाचा जुना संच घेत असाल तर दुकानातच तीन गोष्टी बघा. आठही खंड आहेत का, विशेषतः पुरवणीचा, कारण बाकी सात एकसारखे दिसले की आठवा कुणी मोजत नाही. शिवणीजवळची पानं सुटली आहेत का. आणि 'प' आणि 'स' या अक्षरांची पानं, कारण सगळ्यात जास्त हाताळली जातात आणि फाटतात ती तीच. एवढ्याने खात्री पटली नाही तर नारायण पेठेतल्या पुणे मराठी ग्रंथालयात किंवा नगर वाचन मंदिरात आधी प्रत चाळून बघा, आपल्याला लागणारे पाच-सात शब्द शोधून बघा, मग पैसे मोजा.